मेंदूत गाठ, मूळ फुफ्फुसात: खान्देशातील कुटुंबाने पुढे काय करावे

चाळीसगाव, शहादा किंवा भुसावळच्या एखाद्या सीटी स्कॅन केंद्रातून हाती आलेल्या अहवालात मेंदूत गाठी आहेत, त्यांच्याभोवती सूज आहे आणि त्या शरीरात दुसरीकडून आलेल्या असाव्यात, असे लिहिलेले असते, तेव्हा घरातल्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा ‘मेंदूचे ऑपरेशन कुठे होते?’ असा असतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला नव्हे. प्रौढांमध्ये अशा पसरून आलेल्या गाठींचे सर्वांत नेहमीचे उगमस्थान फुफ्फुस असते, आणि तसे असेल तर ती गाठ मेंदूच्या कर्करोगाची नसून मेंदूत जाऊन वाढलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाची असते. म्हणून आधी सूज उतरवायची, मग मूळ शोधायचे, गाठीचा तुकडा काढून (बायोप्सी) आजाराचा प्रकार ठरवायचा आणि त्यानंतर मेंदूचा व उरलेल्या शरीराचा उपचार एकत्र आखायचा, हा क्रम धरावा. तातडीची शस्त्रक्रिया लागावी इतका दाब मेंदूवर असेल तर हा क्रम अर्थातच बदलतो. मात्र तुमच्या रुग्णात तसे आहे का, हे न्यूरोसर्जनला स्पष्ट विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

छातीची तक्रार नसताना असे का होते

फुफ्फुसातून शुद्ध झालेले रक्त थेट हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि तेथून त्याचा मोठा वाटा मेंदूकडे जातो. वाटेत यकृतासारखी गाळणी नसल्याने फुफ्फुसातील गाठीपासून सुटलेल्या पेशी मेंदूपर्यंत सहज पोहोचू शकतात. फुफ्फुसाच्या टोकाशी असलेली लहान गाठ खोकला न देता महिनोन्‌महिने राहते आणि मेंदूतली वाटाण्याएवढी गाठ मात्र भोवतालच्या सुजेमुळे लवकर त्रास देते.

सकाळी उठताना जास्त जाणवणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, आयुष्यात प्रथमच आलेली फिट, एका हातातून वस्तू निसटणे, शब्द न आठवणे किंवा स्वभावात अचानक आलेला चिडचिडेपणा, ही लक्षणे पुष्कळदा दिसतात. गाठ लहान मेंदूत असेल तर चाल झिंगल्यासारखी होते, आणि आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसावरही गावात संशय घेतला जातो. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा फिट आली, तर ती ‘बाहेरचे’ समजून भगताकडे नेण्यात किंवा केवळ फिटच्या गोळ्या सुरू करून थांबण्यात दिवस घालवू नयेत. मेंदूचा स्कॅन झालाच पाहिजे.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार अधिक आहे, यात शंका नाही. तथापि भारतात आयुष्यभर विडी न ओढलेल्या अनेक रुग्णांना, त्यातही स्त्रियांना, फुफ्फुसाचा कर्करोग होताना दिसतो. म्हणून ‘आमच्या आईने कधी तंबाखूला हात लावला नाही’ या कारणावरून छातीची तपासणी टाळू नये.

पहिले दोन दिवस

फिट चालू असेल तर रुग्णाला एका कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला सरकवावी आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही, आणि त्या गडबडीत कूस वळवायची राहून जाते. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात सूज उतरवण्यासाठी बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू होते. एक-दोन दिवसांत रुग्ण उठून बसतो, बोलतो, भाकरी मागतो, आणि नेमक्या याच वेळी कुटुंबाची गफलत होते: आजार बरा झाला असे वाटून मंडळी घरी परततात. औषधाने सूज कमी होते, गाठ जात नाही. मिळालेली ही सवड तपासण्यांसाठी वापरावी. हे औषध जेवणानंतर, शक्यतो सकाळी व दुपारपर्यंत द्यावे, कारण रात्री घेतल्यास झोप उडते. मधुमेह असेल तर साखर झपाट्याने वाढते, म्हणून ती मोजत राहावी. काही आठवडे घेतलेले हे औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. मेंदूत लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका असेल तर तुकडा काढण्यापूर्वी डॉक्टर मुद्दाम स्टिरॉइड टाळतात, कारण त्याने निदान झाकले जाऊ शकते. अशा वेळी ‘इंजेक्शन का देत नाही’ म्हणून वाद घालू नये. फिटचे औषध मात्र ज्याला फिट आली आहे त्यालाच सहसा लागते.

टीबी की कर्करोग

आपल्या भागात या आजाराच्या निदानाला सर्वाधिक उशीर येथे होतो, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये कड्यासारख्या दिसणाऱ्या गाठी, हे चित्र क्षयरोगातही दिसते. मेंदूतील क्षयाच्या गाठी आणि पोटातील फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी भारतात दुर्मीळ नाहीत, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात हे निदान आधी येणे चुकीचे नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा कोणताही पुरावा हाती नसताना टीबीचा कोर्स सुरू होतो, सोबतच्या स्टिरॉइडने सूज उतरल्यामुळे ‘औषध लागू पडले’ असे वाटते आणि दोन-तीन महिने निघून जातात.

यावर उपाय म्हणजे वाद न घालता पुरावा मागणे. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी झाली का, छातीचा साधा एक्स-रे न राहता सीटी स्कॅन झाला का, मानेत किंवा हंसळीच्या वर गाठ लागते का, आणि तुकड्यात काय दिसले, हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. वय पन्नाशीच्या पुढे असेल, ताप नसेल आणि वजन घटत असेल, तर तुकडा तपासल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करून वाट पाहण्यास मी तरी राजी होणार नाही. उलट तुकड्यात टीबीच निघाला तर आनंदच आहे. तो औषधांनी बरा होतो.

मूळ शोधणे आणि तुकडा काढणे

मेंदूसाठी कॉन्ट्रास्टसह एमआरआय करावा लागतो, कारण साध्या सीटीत लहान गाठी सुटतात आणि गाठी किती आहेत यावर पुढचा उपचार अवलंबून असतो. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी होते. पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू किंवा पूर्वीची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगावे. छाती व पोटाचा सीटी स्कॅन किंवा पेट-सीटी केल्यावर मूळ गाठ, यकृत, हाडे आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी यांची स्थिती कळते. पेट-सीटीत किरणोत्सर्गी साखर टोचून गाठी शोधतात, पण मेंदू स्वतःच साखर मोठ्या प्रमाणात वापरत असल्याने त्यातील गाठी नीट दिसत नाहीत. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

तुकडा कोठून काढायचा, याचा साधा नियम असा की जेथून धोका कमी आणि माल पुरेसा मिळेल तेथून. मानेतील गाठ असेल तर सुईने काम होते. फुफ्फुसाच्या कडेच्या गाठीतून सीटीच्या मदतीने सुई घालून तुकडा घेतात. श्वासनलिकेजवळच्या गाठीसाठी ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, करतात. छातीत पाणी असेल तर ते पाणीही तपासता येते. मेंदूतील गाठ मोठी असून ती काढायचीच असेल, तर काढलेली गाठ हाच तुकडा ठरतो. तुकडा घेताना डॉक्टरांना एक गोष्ट सांगून ठेवावी: नुसत्या निदानापुरता नको, जनुकीय तपासणीलाही पुरेल इतका हवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगणे विसरू नये.

प्रयोगशाळा हा तुकडा मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात बसवते. लोक त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. आगपेटीपेक्षा लहान असलेला हा ब्लॉक फायलीतील सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, कारण मुंबईत किंवा नाशिकला पुढच्या तपासण्या यावरूनच होतात आणि तो नसेल तर पुन्हा सुई टोचावी लागते. प्रयोगशाळेत अर्ज देऊन, पावती घेऊन ब्लॉक आणि काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तुकड्याचे पातळ काप लावलेल्या पट्ट्या) मागाव्यात. त्यासाठी वापरले जाणारे मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सियसला वितळते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते. म्हणून ब्लॉक डब्यात कापसात ठेवून अंगाजवळच्या पिशवीत न्यावा, गाडीत सोडून चहाला उतरू नये. एमआरआय व सीटीची केवळ फिल्म न घेता सीडीही मागून घ्यावी.

जनुकीय तपासणी: येथे घाई न करता थांबावे

सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार लहान पेशींचा आहे की त्याव्यतिरिक्तचा, हे ठरते. लहान पेशींचा कर्करोग वेगाने वाढतो, त्यात केमोथेरपीला उशीर परवडत नाही. दुसऱ्या गटातील अ‍ॅडेनोकार्सिनोमा या (ग्रंथीसारख्या पेशींच्या) प्रकारात मात्र ईजीएफआर, एएलके, आरओएस१, आरईटी, बीआरएएफ, एमईटी, केआरएएस यांसारखे जनुकीय बदल आणि पीडी-एल१ ही खूण तपासावी लागते. भारतातील अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चार रुग्णांपैकी एकात ईजीएफआरचा बदल आढळतो. हा बदल सापडल्यास ओसिमर्टिनिब आणि एएलकेचा बदल सापडल्यास अलेक्टिनिब किंवा लोर्लाटिनिब या गोळ्या मेंदूतही चांगल्या पोहोचतात, त्यामुळे ज्याला मेंदूचा त्रास फारसा नाही अशा काही रुग्णांत डॉक्टर गोळीपासून सुरुवात करून मेंदूचे रेडिएशन पुढे ढकलू शकतात. हा निर्णय तज्ज्ञांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

अहवालाला एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि हे दिवस घरच्यांना सर्वांत जड जातात. शेजारी, पाहुणे, ‘अमक्याला तमक्या वैद्याच्या काढ्याने गुण आला’ असे सांगणारे याच काळात येतात. रुग्ण स्थिर असेल तर थांबावे. तुकडा अपुरा पडल्यास रक्तातून तपासणी करता येते. तिचा निकाल बदल दाखवणारा आला तर उपयोगी पडतो, पण काहीच न सापडल्यास बदल नाहीच असे मानता येत नाही. बदल न सापडल्यास केमोथेरपी व इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा) विचार होतो. इम्युनोथेरपी सुरू करताना स्टिरॉइडची मोठी मात्रा चालू असल्यास तिचा परिणाम कमी होण्याची शक्यता असते, म्हणून मात्रा कितपत उतरवता येईल हे विचारावे.

मेंदूचा उपचार

एकच मोठी गाठ, तीही पोहोचता येण्याजोग्या जागी आणि दाब देणारी असेल, तर शस्त्रक्रिया उपयोगी ठरते. त्यानंतर त्या पोकळीला रेडिएशन द्यावे लागते. मोजक्या, लहान गाठी असल्यास एक ते पाच बैठकांत नेमका मारा करणारे स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन निवडतात. गॅमा नाइफ व सायबरनाइफ ही त्याचीच यंत्रे आहेत, आणि योग्य सोय असलेल्या नेहमीच्या लिनॅक या रेडिएशन यंत्रावरही ते करता येते. पूर्वी हे चारपेक्षा कमी गाठींपुरते मानले जाई, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील अभ्यासात पाच ते दहा गाठी असलेल्या रुग्णांचे आयुष्य दोन ते चार गाठींच्या रुग्णांपेक्षा कमी दिसले नाही.

गाठी पुष्कळ असल्यास संपूर्ण डोक्याला रेडिएशन देतात, बहुधा दोन आठवड्यांत दहा वेळा. केस जातात, थकवा येतो आणि काही महिन्यांनी स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. स्मृतीशी संबंधित भाग वाचवून रेडिएशन देण्याची पद्धत तुमच्या रुग्णाला लागू आहे का, हे विचारायला हरकत नाही. शस्त्रक्रिया किंवा स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन शक्य नसलेल्या, बहुधा दुबळ्या रुग्णात संपूर्ण डोक्याचे रेडिएशन फारसे काही देत नाही, असे मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वार्ट्झ’ अभ्यासाने दाखवले. त्यात स्टिरॉइड व आधारभूत उपचारांवर ठेवलेल्यांच्या आयुष्यात रेडिएशन घेणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. दुबळ्या माणसाला रोज पन्नास किलोमीटर जीपने नेण्यापूर्वी हा मुद्दा डॉक्टरांसमोर ठेवावा.

कोठे जावे, पैसा कसा उभा करावा

जळगाव, धुळे (श्री भाऊसाहेब हिरे) आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्राथमिक तपासण्या व सूज उतरवणे येथे सुरू करून वेळ वाचवावा. पुढील उपचारांसाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई हे पर्याय उरतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. तेथे गर्दी मोठी असते, म्हणून पूर्ण फाइल, सीडी, काचा व ब्लॉक घेऊनच जावे. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांकडे चौकशी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रुग्णालय यादीत आहे का आणि नेमका कोणता उपचार मंजूर होतो, हे दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाकडून) समजून घ्यावे. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. रेशनकार्ड व आधारवरील नावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करावा, कारण मंजुरी अनेकदा तेथेच अडते. जनुकीय बदलावर नेम धरणाऱ्या नव्या लक्ष्यवेधी गोळ्या महाग असून अनेकदा योजनेच्या बाहेर राहतात. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील मूळ सीमाशुल्क माफ झाले. गेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्या भारतीय कंपन्यांच्या असल्याने बऱ्याच स्वस्त मिळतात. कंपनीची मदत योजना आहे का, हे रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे विचारल्याशिवाय कपाशीचा हंगाम गहाण ठेवू नये.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्ताला शयनयान व एसी थ्री टियरमध्ये पूर्ण सवलत असून सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. उन्हाळ्यात दुपारचा प्रवास टाळावा, आणि फिटच्या गोळ्या सामानात न टाकता खिशात ठेवाव्यात.

घरातील दिवस

रोज सकाळी, औषधानंतर, एक छोटी पाहणी करावी. ‘आबा, डोळे मिटा आणि दोन्ही हात तळवे वर करून समोर धरा,’ असे सांगून दहा-पंधरा सेकंद पाहावे. एक हात हळूहळू खाली येऊ लागला किंवा तळवा आत वळू लागला, तर त्या बाजूची ताकद उतरते आहे. शर्टाची बटणे लावता येतात का, कालची तारीख आठवते का, उंबरठ्यापर्यंत सरळ चालता येते का, हेही टिपून वहीत तारखेसह लिहावे. आबा अहिराणीत ‘मनं डोकं दुखस’ एवढेच सांगून गप्प बसतील, तेव्हा तपासणीच्या वेळी त्यांची भाषा आणि सवयी जाणणारा माणूस सोबत असावा. अर्धे निदान त्याच्या वहीत असते.

गोंधळलेपणा नेहमी गाठीमुळेच असतो असे नाही. लहान पेशींच्या कर्करोगात रक्तातील सोडियम उतरू शकते, इतर प्रकारांत कॅल्शियम वाढू शकते. दोन्ही साध्या रक्त तपासणीने कळतात आणि दोन्हींवर उपाय आहे. दोन्ही पाय एकाएकी लुळे पडणे, लघवी अडणे किंवा कमरेत नवी तीव्र वेदना होणे ही मणक्यावरील दाबाची खूण असू शकते. त्यासाठी सकाळची वाट पाहू नये. एकाच पायावर आलेली सूज म्हणजे रक्ताची गाठ असू शकते. फिट आलेल्याने मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीच्या काठाला जाऊ नये, फवारणी करू नये.

रुग्णाला सांगायचे की नाही, यावर घरोघरी वाद होतात. मुलगा डॉक्टरांना खिडकीपाशी नेऊन ‘बाईला काही सांगू नका’ म्हणतो आणि बाई आतून सगळे ओळखून असते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्याच्यापाशीच हळूहळू विचारावे. बँकेतील वारस, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरील नोंदी या गोष्टी त्याच्या बोलण्यातूनच मार्गी लागतात आणि स्मरणशक्ती शाबूत असताना लागलेल्या बऱ्या. वेदना व धाप यांसाठी मॉर्फिनसारखी औषधे नोंदणीकृत केंद्रांतून मिळतात. व्यसन लागेल या भीतीने ती नाकारू नयेत. वेदनाशमन तज्ज्ञाची भेट उपचार चालू असतानाच घ्यावी.

किती दिवस उरले, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. पसरलेला आजार चौथ्या टप्प्याचा मानला जातो, आणि जनुकीय बदल नसलेल्या अशक्त रुग्णांत महिन्यांची भाषा करावी लागते. पण अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार अ‍ॅडेनोकार्सिनोमातील सर्वांत अनुकूल गटाचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) सुमारे ४७ महिने होते. वय, चालण्याफिरण्याची क्षमता, गाठींची संख्या, मेंदूबाहेरचा प्रसार आणि जनुकीय बदल या पाच गोष्टींवर तो हिशेब बसतो. त्यापैकी तुमच्या रुग्णात कोणत्या अनुकूल आहेत, असे विचारल्यास डॉक्टरही मोकळेपणाने बोलतात.

उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन ते तीन महिन्यांनी एमआरआय पुन्हा होतो. जुनी सीडी सोबत नसेल तर तुलना होत नाही. रेडिएशननंतर काही महिन्यांनी एखादी गाठ मोठी दिसली म्हणजे आजार पुन्हा वाढलाच असे नाही. मारा झालेल्या जागी पेशी मरून सूज आल्यामुळेही तशी सावली येते, आणि परफ्यूजनसारख्या विशेष एमआरआयने किंवा थोड्या अवधीने केलेल्या दुसऱ्या स्कॅनने तिचे स्वरूप ठरवता येते. रेडिओलॉजीच्या अहवालात ‘वाढ’ हा शब्द दिसल्यावर चालू गोळी बंद करण्यापूर्वी तो अहवाल रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा.